वाचकांचे प्रश्न : वेळणेश्वरला जायचे, पण कोणत्या तिथीला?

प्रश्न : माझ्या आईवडिलांनी सत्तरी ओलांडली आहे. पैठणचा नाथसागर त्यांनी पाहिला आहे, खरा समुद्र मात्र अजून पाहिलेला नाही. गर्दी, घोडागाड्या आणि पाण्यावरचे खेळ त्यांना सोसणार नाहीत. त्यांना चार दिवस निवांत बसता येईल असा किनारा सुचवावा. – एक शिक्षिका, लातूर

उत्तर : आपल्या वर्णनाला रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातले वेळणेश्वर चांगले जुळते. किनारा अर्धचंद्राकार असून दोन्ही टोकांना खडक आहेत, मागे नारळीची आगरे आहेत, आणि शंकराचे देऊळ पुळणीला, म्हणजे वाळूच्या पट्ट्याला, इतके लागून आहे की आईवडिलांना दर्शन आणि समुद्र या दोन्हींसाठी वेगळी वाट चालावी लागणार नाही. गुहागरची पुळण याहून बरीच लांब आहे, पण तेथे तालुक्याच्या गावाची वर्दळ आहे. गणपतीपुळ्याबद्दल तर बोलायलाच नको.

मोटारीने गेल्यास पंढरपूर, कराड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण असा मार्ग आहे. हे अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर भरते, त्यामुळे ते एका दमात कापण्याचा हट्ट धरू नये. पंढरपुरास मुक्काम केल्यास वडीलधाऱ्यांची तक्रार येणार नाही, असा आमचा अंदाज आहे. (कोयनानगर आले की लातूरकरांच्या मनात १९९३ची किल्लारी येतेच, कारण १९६७च्या डिसेंबरात भूकंपाने या गावाचीही तीच गत झाली होती.) रेल्वेने जायचे असल्यास नांदेड-पनवेल गाडीने पनवेलला उतरून कोकण रेल्वेने चिपळूण गाठता येते, तेथून पुढे रस्त्याने दीड-दोन तास लागतात. शेवटचा टप्पा जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावरून जातो आणि वळणावळणाने एकदम खाली उतरतो, म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या आसनावर बसवावे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगणे बरे. किनारा शांत असतो याचा अर्थ तेथे दुकाने, दवाखाने आणि उपाहारगृहेही थोडीच असतात. आईवडिलांची नेहमीची औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी घरूनच न्यावीत आणि राहण्याची खोली तळमजल्यावरची मागून घ्यावी. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान तेथे आहे, पण ते उंचावर आहे. गुडघे दुखणाऱ्यांना गावातली घरगुती सोय अधिक सोयीची पडेल. महाशिवरात्रीला तेथे जत्रा भरते, तेव्हा निवांतपणाची अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : भरती-ओहोटीच्या वेळा आधी कशा कळाव्यात? मागच्या वर्षी आम्ही ज्या वेळी किनाऱ्यावर पोहोचलो, त्या वेळी पाणी पायऱ्यांना लागले होते आणि चालायला वाळूच उरली नव्हती. – एक वाचक, परभणी

उत्तर : यासाठी आपल्या भिंतीवरचे पंचांग पुरेसे आहे. चालू तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते, असा कोकणातला जुना हिशेब आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावास्या यांचा आकडा पंधरा धरावा, म्हणजे सव्वाअकरा येतात. प्रतिपदेला पाऊण, अर्थात पाऊण वाजता. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून तिथीमागे पाऊण तासाचे हे गणित जमते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक गृहीत धरावा, कारण हा अदमास आहे, कोष्टक नव्हे.

आपल्या भागात ज्या घरी एकादशी पाळली जाते, त्या घराला तर हे आणखी सोपे आहे. एकादशीला सव्वाआठच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी सव्वादोनला ओहोटी. अशा दिवशी उन्हे कलताना पाणी हळूहळू परत चढत असते आणि सूर्यास्तापर्यंत वाळूचा निम्मा पट्टा त्याने व्यापलेला असतो. संध्याकाळी लांबच लांब ओल्या वाळूवरून चालायचे असेल, तर पौर्णिमा किंवा अमावास्या निवडावी, कारण त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीच ओहोटी पूर्ण झालेली असते. मात्र याच दिवसांत उधाणाची भरती येते आणि भर दुपारी पाणी सर्वांत वर चढते. अष्टमीच्या आसपासच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात. ती उधाणाइतकी वर चढत नाही आणि तिची ओहोटीही तितकी खोल जात नाही. संध्याकाळी चार पावलांवर आलेले पाणी खुर्चीत बसून पाहायचे असेल, तर आमचे मत भांगाच्या बाजूचे आहे. परभणीहून इतक्या दूर जाणाऱ्याने सलग सुट्ट्यांपेक्षा तिथी पाहून रजा टाकावी. त्यात गर्दीही आपोआप टळते.

शेजारच्या हेदवी येथे मात्र उलट हिशेब करावा लागतो. दशभुज गणपतीचे देऊळ केव्हाही पाहता येते, पण तेथील बामणघळ म्हणजे खडकातली अरुंद भेग आहे. भरतीचे पाणी तिच्यात दाबले जाऊन उंच उसळते, आणि ओहोटीला गेल्यास नुसती भेगच दिसते. ती पाहायला भरतीच्या वेळीच, शक्यतो उधाणाच्या दिवशी जावे. ओल्या खडकाच्या कडेला मात्र उभे राहू नये.

प्रश्न : आमची दोन्ही मुले विहिरीत पोहायला शिकलेली असून चांगली पट्टीची आहेत. त्यांना समुद्रात सोडण्यास हरकत आहे काय? – एक पालक, अंबाजोगाई

उत्तर : हरकत आहे, आणि ती त्यांना पोहता येते म्हणूनच अधिक आहे. विहिरीचे पाणी खोल असले तरी जागचे हलत नाही; समुद्राचे पाणी माणसाला घेऊन जाते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने आत परतत असते आणि त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. त्या ओढीत सापडलेला पोहणारा सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमून बुडतो. तसे झालेच, तर धीर धरून किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर यावे आणि मग वाळूकडे वळावे. तेही जमत नसल्यास तरंगत राहून हात वर करावा. खडकांच्या कडेला आणि खाडीच्या मुखापाशी ही ओढ हमखास असते. ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरू नये, कमरेपेक्षा खोल जाऊ नये, आणि गावातल्या कोळ्याने नको म्हटले तर वाद घालू नये.

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत जावे काय? – एक वाचक, जालना

उत्तर : आंब्यांसाठी जावे, विसाव्यासाठी नव्हे. जालन्याचे ऊन कोरडे असते. कोकणात तापमान कमी असूनही दमट हवेत घाम वाळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, त्यातूनही नाताळचा आठवडा वगळावा.

प्रश्न : आम्ही माळकरी आहोत. कोकणात मासळीशिवाय जेवण मिळेल काय? – एक वाचक, गंगाखेड

उत्तर : निःशंक मिळेल. गुहागर तालुक्यात शाकाहारी जेवण देणारी घरे आहेत. कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, सोलकढी आणि आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास उकडीचे मोदकही पानात येतात. कांदा-लसूण नको असल्यास खोली ठरवतानाच तसे कळवावे. अडचण येते ती ज्वारीच्या भाकरीची. तेथे भात आणि तांदळाची भाकरी चालते, आणि तिसऱ्या दिवशी आपल्याकडच्या माणसाला जेवूनही जेवल्यासारखे वाटत नाही. दोन किलो ज्वारीचे पीठ सोबत न्यावे. यजमानीणबाईंना विनंती केल्यास त्या चूल मोकळी करून देतात, भाकरी मात्र आपल्यालाच थापावी लागते.

प्रश्न : मोटार थेट वाळूवर नेता येते काय? – एक वाचक, बीड

उत्तर : नेऊ नये. ओली वाळू वरून घट्ट दिसते, पण गाडी थांबताच चाके खाली बसू लागतात आणि जोर लावावा तसतशी अधिक रुततात. तोवर भरती लागली, तर ट्रॅक्टर मिळेपर्यंत खारे पाणी यंत्रात शिरलेले असते. गाडी गावातच सावली पाहून उभी करावी. सावली नारळाची असल्यास आधी वर पाहावे, कारण पडलेल्या नारळाने फुटलेल्या काचेबद्दल आगराच्या मालकाशी भांडता येत नाही.