लिंबावरचे तांबूस खवले आणि न चावणारी गांधीलमाशी

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला राहतो. परसात लिंबाचं जुनं झाड आहे. यंदा फळांवर आणि फांद्यांवर तांबूस गोल ठिपके आलेत, नखानं खरवडले की निघतात. पानं पिवळी पडून काही डहाळ्या वाळताहेत. खोडावर मुंग्यांची सतत ये-जा असते. मैत्रीण म्हणाली, यावर गांधीलमाश्या विकत मिळतात. घरात लहान मुलगी आहे. माश्या चावतील का? किती मागवाव्यात?
— एक वाचक

उत्तर : इतक्यात मागवू नका. आधी एक टाचणी आणि चांगलं भिंग घेऊन झाडाजवळ जा.

तुम्ही वर्णन केलेली कीड बहुधा ‘कॅलिफोर्निया रेड स्केल’ आहे. ही खवले कीड. मादी एकदा सोंड खुपसून बसली की जन्मभर हलत नाही, अंगावर मेणचट खवला चढवून रस ओढत राहते. तिच्या लाळेनंच पानं पिवळी पडतात आणि डहाळ्या वाळतात. खवल्यामुळे औषध तिच्या अंगापर्यंत नीट पोचत नाही. मैत्रिणीनं सांगितलेली गांधीलमाशी, ॲफिटिस मेलिनस, मात्र पोचते. ती पिवळी, जेमतेम मिलिमीटरभर. खवल्यातून नळी घालून ती किडीच्या अंगावर अंडं ठेवते आणि तिची अळी कीड खाऊन टाकते. माणसाला ती चावत नाही, डंखही मारत नाही. मुलीची काळजी सोडा.

मुलीला सांगायला एक गोष्ट आहे. ही माशी आपल्याकडची. रिव्हरसाइडच्या विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ पॉल डीबॅक यांनी १९५६-५७ मध्ये ती भारत आणि पाकिस्तानातून कॅलिफोर्नियात नेली. मी काटोलकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली, त्यामुळे याचं मला मनापासून अप्रूप आहे. आमच्याकडे संत्र्यावर कोळशी, म्हणजे काळी बुरशी, आणणारी काळी माशी असते. तिचे शत्रूकीटकही १९५०च्या सुमारास भारत-पाकिस्तानातून मेक्सिकोला गेले आणि तिथल्या बागा सावरल्या.

आता टाचणीचं काम. फळावरचा एकेक खवला अलगद उलटा. खाली टपोरी पिवळी कीड दिसली तर ती जिवंत आहे. कीड सुकून चपटी झालेली, शेजारी छोटा कोष आणि विष्ठेचे काळपट दाणे दिसले, तर तिथे ॲफिटिस येऊन गेली आहे. निरनिराळ्या फळांवरचे पंचवीस-तीस खवले तरी बघा. पिल्लं देणाऱ्या म्हाताऱ्या माद्या मोजू नका, त्यांचा खवला अंगाला घट्ट चिकटतो आणि माशी त्यांच्यावर अंडी घालत नाही.

बऱ्याच परसांत ही माशी आपणहून आलेली असते. तिला जगू द्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं. त्यात पहिला अडथळा मुंग्यांचा. रेड स्केल मुंग्यांना आवडणारा गोड चिकटा सोडत नाही, म्हणजे तुमच्या मुंग्या दुसऱ्या कशासाठी तरी चढताहेत. मावा किंवा मऊ खवले शोधा. पण वर चढलेल्या मुंग्या ॲफिटिसला अंडी घालू देत नाहीत. जमिनीला आणि कुंपणाला टेकणाऱ्या फांद्या छाटा. खोडाला पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट लेप लावा. लेप थेट सालीला कधीही लावू नका, साल दुखावते. दुसरा अडथळा धुळीचा. फ्रेस्नोच्या कोरड्या उन्हाळ्यात अधूनमधून पाइपानं झाड धुऊन काढा.

तिसरा विषाचा, आणि इथे मी हट्टी आहे. १९४०च्या दशकात डीबॅक यांनी काही झाडांवर मुद्दाम डीडीटी हे कीटकनाशक मारून पाहिलं. मित्रकीटक मेले, खवले तगले, आणि फवारलेल्या झाडांवर कीड न फवारलेल्यांपेक्षा कितीतरी वाढली. कार्बारिल, मॅलाथिऑन किंवा पायरेथ्रॉइडची बाटली आज आणलीत तर तुमच्या परसात हेच होईल. फवारायचंच झालं तर बागेसाठीचं हलकं तेल वापरा, त्याचा अंश फार दिवस राहत नाही. आधी झाडाला भरपूर पाणी द्या, आणि पारा ३५ अंशांवर जाणार असेल त्या दिवशी फवारू नका, पानं करपतात.

माश्या विकत मिळतात हे खरं. तुमच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या थंडीनं ॲफिटिसची संख्या घटते, म्हणून बागायतदार वसंतापासून ठरावीक दिवसांनी त्या सोडतात. पण त्या हजारोंच्या हिशेबानं, एकरांसाठी येतात. एका झाडासाठी तो खर्च मला पटत नाही. मुंग्या थांबवून एक हंगाम गेला आणि खवल्यांखाली तरीही कोष दिसले नाहीत, तर मागवा. आल्या दिवशीच, सकाळच्या गारव्यात, सावलीतल्या फांद्यांवर सोडा.

ठिपक्यांची लिंबं धुऊन खुशाल वापरा. मात्र या झाडाची फांदी किंवा कलम दुसऱ्या गावी कुणाला देऊ नका, आणि कढीपत्त्याचं रोपही नाही. लिंबूवर्गीय झाडांना मारक ठरणारा रोग पसरवणारी सिला कीड कढीपत्त्यावरही वाढते, आणि त्यासाठी कॅलिफोर्नियात क्वारंटाइनचे नियम आहेत. आपल्या मराठी घरांतून कढीपत्ता हातोहात फिरतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.