परवा रात्री कंडोम फाटला, जोडीदाराला एचआयव्ही आहे का माहीत नाही. आता औषधाचा उपयोग होईल का?
होईल, पण हे वाचून लगेच निघा. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीच्या पेप नावाच्या या औषधाची पहिली गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी लागते, आणि त्यातही जितकी लवकर तितकी बरी. तुमच्याकडे थोडेच तास उरलेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवर उपचार करणारं केंद्र, विचारा. बंद असेल तर थेट अपघात विभागात जा. रिपोर्टची वाट पाहत पहिली गोळी लांबवायची नसते, हे तिथे ठामपणे सांगा. १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

सहसा टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली गोळी देतात. रोज एक, पूर्ण २८ दिवस. मळमळलं तरी मनाने बंद करू नका. किडनीचा त्रास किंवा हिपॅटायटिस बी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आजची चाचणी फक्त आधीची स्थिती दाखवते, परवाच्या रात्रीबद्दल ती काहीच सांगत नाही. म्हणून सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. तोवर कंडोम वापरा, रक्तदान टाळा.

लाजेपायी थांबू नका, प्लीज. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार चाचणीला तुमची संमती लागते आणि माहिती गुप्त ठेवावी लागते.