उद्योगाचे प्रश्न: बिझनेस कोच निवडताना

या खेपेला आलेल्या पत्रांत बिझनेस कोचबद्दलचीच पत्रं जास्त होती. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: माझा छपाईचा व्यवसाय आहे. कामाला तोटा नाही, पण महिनाअखेरीला खात्यात काही उरत नाही. ओळखीचे सगळे म्हणतात, कोच लाव. लावू का?

आधी एक आकडा काढा. गिऱ्हाइकांकडून येणं असलेली रक्कम भागिले वर्षभराची उधारीची विक्री, गुणिले ३६५. येणी ३० आणि उधारीची विक्री १८० असेल, तर उत्तर ६१ येतं. म्हणजे बिल दिल्यापासून पैसे हातात पडायला सरासरी दोन महिने लागतात. कागदवाल्याचे पैसे तुम्ही १५ दिवसांत चुकते करत असाल, तर मधल्या दीड महिन्याचा भार तुमच्या खिशावर येतो. महिनाअखेरीच्या खडखडाटाचं कारण बहुधा हेच असतं. ते शोधायला कोच लागत नाही, हिशेबातला जाणकार माणूस एक-दोन बैठकांत दाखवून देईल.

त्यानंतरचा प्रश्न असा की हे कळूनही वसुली का होत नाही. उधारीच्या अटी कशा घालायच्या हेच ठाऊक नसेल, तर सल्लागार गाठा. तो मसुदा करून देईल. अटी ठाऊक आहेत पण तगादा लावायला माणूसच नाही, तर कोचची फी त्या माणसाच्या पगारात घाला. अटी आहेत, माणूसही आहे, पण जुन्या गिऱ्हाइकाकडे पैसे मागायची तुम्हालाच भीड पडते आणि दर वेळी ‘राहू दे, देतील’ असं तुम्हीच सांगता, तर मात्र ते कोचचं काम आहे. कोच तयार उत्तर हातात ठेवत नाही. तुम्ही जे ठरवलं ते होतंय का हे तो विचारत राहतो आणि होत नसेल तर कुठे अडतं ते तुमच्याच तोंडून काढून घेतो. मेंटॉर वेगळा. तो त्याच धंद्यात मुरलेला असतो, अनुभवाचे बोल सांगतो, आणि बरेचदा पैसेही घेत नाही. जाहिरातीत हे सगळे स्वतःला कोचच म्हणवून घेतात, त्यामुळे आपल्याला यांतलं नेमकं काय हवं ते आधी ठरलेलं बरं.

प्रश्न: चांगला कोच शोधायचा कुठे? मोबाइल उघडला की जाहिरातीच जाहिराती.

जाहिरातींपासून सुरुवात करूच नका. तुमच्याएवढाच पसारा असलेले, पण वेगळ्या धंद्यातले तीन-चार मालक गाठा. वेगळ्या धंद्यातले अशासाठी की स्पर्धक नसलेला माणूस मोकळेपणानं बोलतो. ‘तुमचा कोच चांगला आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो, छान आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘त्याच्यामुळे तुम्ही कोणती गोष्ट करायची थांबवलीत?’ असं विचारा. खरंच काम झालं असेल तर उत्तर लगेच येतं: दर मी स्वतः ठरवत नाही, सुटीच्या दिवशी फोन घेत नाही, असं काहीतरी ठोस.

पसारा सारखा असण्याला महत्त्व आहे. आठ माणसांच्या जागी प्रत्येक निर्णय मालकाच्या टेबलावरून जातो, त्यामुळे अडचण मालकाच्या सवयींत असते. ऐंशी माणसांत मधल्या फळीचे व्यवस्थापक आलेले असतात आणि गाडं त्यांच्यापाशी अडतं. मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना कोचिंग देणारा माणूस आठ माणसांच्या मालकाला ‘हे काम दुसऱ्यावर सोपवा’ सांगून मोकळा होतो. सोपवायला मुळात कोणी असायला हवं ना!

ओळखीतून नावं मिळाली नाहीत तर इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणजे आयसीएफ, किंवा युरोपियन मेंटॉरिंग अँड कोचिंग कौन्सिल म्हणजे ईएमसीसी, या संस्थांच्या यादीत शोधा. तीन-चार नावांवर थांबा. मग अर्ध्या पानाचं टिपण करा: धंदा काय, माणसं किती, अडचण काय, आजवर काय करून पाहिलं, सहा महिन्यांनी काय वेगळं दिसायला हवं. तेच टिपण सगळ्यांना पाठवा. एकही प्रश्न न विचारता ज्याचं दरपत्रक आणि ‘प्रीमियम पॅकेज’ येईल, त्याच्या नावावर काट मारा.

प्रश्न: प्रमाणपत्राला किती किंमत द्यावी? एकाच्या नावापुढे पीसीसी आहे, दुसऱ्याच्या पुढे काहीच नाही.

बहुतेक देशांत कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र हा एकच बाहेरचा निकष उरतो. आयसीएफच्या तीन पायऱ्या आहेत. एसीसीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष कोचिंगचे १०० तास लागतात. पीसीसीला १२५ तासांचं प्रशिक्षण आणि ५०० तास, तर एमसीसीला २०० तासांचं प्रशिक्षण आणि २,५०० तास. दर तीन वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. म्हणून भिंतीवरचं जुनं प्रमाणपत्र पाहून समाधान मानू नका. संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून ते आज चालू आहे का ते पाहता येतं.

दोन ठिकाणी फसगत होते. एक, संस्थेचा सभासद असणं आणि तिचं प्रमाणपत्र असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं, हे तास कोचिंगचे असतात, धंद्याचे नव्हेत. ५०० तासांतले ४०० करिअर बदलू पाहणाऱ्या नोकरदारांबरोबर गेले असतील, तर ताळेबंद वाचता न येणारा पीसीसी तुमच्यासमोर बसेल. प्रमाणपत्रावरून माणसाला ऐकून घेता येतं आणि प्रश्न विचारता येतात एवढं कळतं, आणि हेही थोडं नाही. ‘ढोबळ नफा आणि रोख शिल्लक एकमेकांच्या उलट दिशेनं गेली, असं एखाद्या ग्राहकाकडे झालं होतं का?’ असं विचारून पाहा. ज्याला धंदा कळतो तो लगेच साठ्याकडे किंवा उधारीकडे वळेल.

नावापुढे काहीच नसलेल्याला या कारणानं बाद करू नका, पण त्याच्याकडून जुन्या ग्राहकांची नावं जास्त मागून घ्या.

प्रश्न: पहिली भेट फुकट असते म्हणतात. तिच्यात विचारायचं काय?

बहुतेक लोक ही भेट कोचची माहिती ऐकण्यात घालवतात. तास संपतो, कोच कसा घडला ते कळतं, काम कसं करतो ते कळत नाही. त्यापेक्षा एक खरीखुरी, चालू अडचण घेऊन जा. उदाहरणार्थ: ‘जुना सुपरवायझर नव्या मुलांना मशीन शिकवत नाही.’ एवढं बोलून थांबा आणि पुढची दहा मिनिटं तो काय करतो ते पाहा.

‘काढून टाका त्याला’ म्हणणारा घाईचा आहे. ‘आमच्या पाच पायऱ्यांच्या सिस्टीममध्ये यासाठी एक मॉड्यूल आहे’ म्हणणारा विक्रेता आहे. कामाचा माणूस विचारतो: शेवटचं असं कधी झालं? तुम्ही त्याला नेमकं काय म्हणालात, त्याच शब्दांत सांगा. नवी मुलं शिकली तर आपलं काय जाईल असं त्याला वाटत असेल? तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही अडखळलात तर भेट सत्कारणी लागली. उठण्यापूर्वी तुम्ही कोणती एक गोष्ट कधीपर्यंत करणार, हे त्यानं वदवून घेतलं का, हेही बघा. भेटीत त्याच्यापेक्षा तुमचं बोलणं जास्त झालेलं असावं.

नंतर थोडे सरळ प्रश्न. माझ्या धंद्यातलं आणखी कोणी सध्या तुमच्याकडे आहे का? एका वेळी किती ग्राहक घेता? कोणती अडचण आली तर तुम्ही मला दुसऱ्याकडे पाठवाल? ‘मी सगळंच हाताळतो’ हे या शेवटच्या प्रश्नाचं सर्वांत वाईट उत्तर.

संदर्भासाठी तीन नावं मागा: तुमच्याएवढ्या पसाऱ्याचा एक, काम संपून वर्ष झालेला एक, आणि मधेच सोडून गेलेला एक. तिसरं नाव द्यायला अनेक जण कां-कूं करतात, निदान तो का सोडून गेला ते तरी विचारा. सोडून गेलेल्यांपैकी प्रत्येकाचाच दोष असेल, तर उद्या तुमचाही असेल. कार्यक्रम संपता संपता घेतलेले व्हिडिओ अभिप्राय जमेस धरू नका. त्या क्षणी सगळेच भारावलेले असतात; वर्षभरानं काय टिकलं ते फोनवरच कळतं.

प्रश्न: एक कोच वर्षाची सगळी फी आगाऊ मागतो आहे. बदल्यात ‘वर्षात उलाढाल दुप्पट, नाहीतर पैसे परत’ असं लिहून देतो. घ्यावं का?

नको. हमीचा बारीक मजकूर वाचा. ‘दिलेला सर्व गृहपाठ वेळेत पूर्ण केल्यास’ अशी अट बहुधा सापडेल, आणि वर्षभरात एखादा गृहपाठ राहतोच. दुसरं म्हणजे उलाढाल दुप्पट होणं तुम्हाला झेपणार आहे का? वरच्या छपाईवाल्याचंच उदाहरण घ्या. विक्री १८० वरून ३६० झाली आणि उधारीच्या अटी त्याच राहिल्या, तर अडकलेली रक्कम ३० वरून ६० होईल. ती वरची ३० कुठून आणणार? सूट देऊन विक्री फुगवली तर नफाही पातळ होतो.

फी परवडते का हे असं पाहा: फी भागिले ढोबळ नफ्याचं प्रमाण. फी १०० आणि ढोबळ नफा २५ टक्के असेल, तर नुसती फी भरून निघायला ४०० ची जादा विक्री लागते. त्यात स्वतःचा वेळही धरा. महिन्यात दीड तासाच्या दोन बैठका आणि आठवड्याला दोन-तीन तासांचा गृहपाठ, एवढं निघत नसेल तर सध्या थांबलेलं बरं. वाढीव विक्रीच्या टक्केवारीवर फी घेणाराही टाळा, कारण त्याचं हित विक्रीत असतं आणि तुमचं नफ्यात.

तीन महिने, सहा बैठका, फी महिन्याच्या महिन्याला, अशी सुरुवात करा. करारात एवढं हवं: दोन्ही बाजूंना ३० दिवसांची सूचना देऊन थांबता येईल, बैठक किती तास आधी कळवून पुढे ढकलता येते, न झालेल्या बैठकांचे पैसे परत मिळतील, बैठकीचं ध्वनिमुद्रण परवानगीशिवाय होणार नाही, तुमचे आकडे, नावं आणि किस्से तो कुठेही वापरणार नाही. गोपनीयतेचं कलम गुळमुळीत ठेवू नका. वकिलाशी झालेल्या बोलण्याला जे कायद्याचं संरक्षण असतं, ते कोचशी झालेल्या बोलण्याला सहसा नसतं.

प्रश्न: आम्ही दोघे भागीदार आहोत. एकच कोच चालेल का?

चालेल, पण एकट्यानं सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत जाईल की नाही, हे पहिल्या बैठकीआधी तिघांनी लिहून सही करा. वाद हिश्शाचा किंवा बाहेर पडण्याचा असेल तर आधी वकील आणि भागीदारीपत्र, कोच त्यानंतर.

प्रश्न: तीन महिने झाले. बैठकीनंतर हुरूप येतो, पण दुकानात फरक दिसत नाही. सोडू का?

मागच्या सगळ्या बैठकांत ठरलेल्या गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे ‘झाली’ किंवा ‘नाही’ लिहा. अशी यादीच करता येत नसेल, म्हणजे ठरलेलं कुठे टिपलेलंच नसेल, तर तुम्ही गप्पांचे पैसे देताय. निम्म्याहून जास्त गोष्टी झाल्या नसतील तर ती यादी कोचसमोर ठेवा. चांगला कोच अवाक्याबाहेरचं काम कमी करेल किंवा सारखं का टळतंय ते खणून काढेल. ‘तुमची मानसिकताच कमी पडते, पुढचा लेव्हल घ्या’ असं ऐकलंत तर त्याच दिवशी सूचना द्या.

गोष्टी झाल्या, पण आकडे हलले नाहीत, हे प्रकरण वेगळं. विक्री किंवा नफा उशिरा हलतो. आधी हलतात ती छोटी मापं. दिलेल्या दरपत्रकांपैकी ऑर्डरी किती झाल्या, येणी किती दिवसांची, दिवसातून किती वेळा कामगार तुम्हाला विचारायला येतात. यांतलं एखादं तरी सुरुवातीपेक्षा सुधारलं असेल तर आणखी तीन महिने द्या. सुरुवातीचे आकडे टिपलेच नसतील, तर येणी जुन्या बिलांवरून आणि ऑर्डरींचं प्रमाण दरपत्रकांच्या फाइलवरून आताही काढता येईल.

सोडायचं ठरलं तर ठरल्या मुदतीची सूचना लेखी द्या आणि शेवटची बैठक मात्र घ्या. अर्धवट राहिलेल्या कामांची यादी मागून घ्या, दिलेले हिशेबाचे कागद परत घ्या, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा सामायिक फोल्डरमध्ये त्याला प्रवेश दिला असेल तर तो त्याच संध्याकाळी बंद करा.