सिम्युलेशनवर (स्क्रीनवरच्या खोट्या पेशंटवर) ट्रॉमा, म्हणजे अपघाताच्या गंभीर जखमांवरचे उपचार, शिकवायला घेतोय ना भाऊ, मग हे वाच

पहिल्याच दिवशी मेडिकलच्या पोरांना अवघड केस देऊ नको. आपल्याकडची साधी केस घे, धुळ्याजवळ मुंबई-आग्रा हायवेवर बाईक घसरलेला पंचविशीतला पोरगा, आणि त्याला स्क्रीनवर अहिराणीत बोलू दे, "माले दम लागी ऱ्हायना", कारण उद्या कॅज्युअल्टीत पेशंट असाच बोलणार आहे. पोरं लगेच मोडलेल्या पायाकडे धावतात, धावू दे, तू मध्ये बोलू नको. एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन (आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण) हा तपासायचा क्रम सगळ्यांना पाठ असतो पण घड्याळ पळायला लागलं की विसरतात, आणि टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत हवा अडकून फुप्फुस दाबलं जाणं) असेल तर एक्सरेची वाट बघत बसायचं नसतं, हे त्यांना तिथेच कळतं.

अजून एक, बीपी नॉर्मल दिसतंय म्हणून निवांत बसणारे खूप असतात. तरुण माणसाचं बीपी बहुतेकदा 30 टक्के, म्हणजे साधारण दीड लिटर रक्त गेल्यावरच पडतं, त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात. म्हणून केसमध्ये नाडी आधी 110, मग 130 कर आणि बीपी तसंच ठेव.

केस संपल्यावरची चर्चा मात्र कधीच टाळू नको, खरं शिकणं तिथेच होतं. आणि चुकलेल्या पोराला सगळ्यांसमोर रागवू नको रे.