वाचक विचारतात : मायकल ओंडाचीच्या कादंबऱ्या कुठून धराव्यात?

प्रश्न : 'द इंग्लिश पेशंट' मनापासून आवडली, म्हणून याच कॅनेडियन लेखकाची 'कमिंग थ्रू स्लॉटर' घेतली. चाळीस पानं झाली तरी कोण बोलतंय तेच कळेना. सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नका. पुन्हा पहिल्या पानावर या आणि या खेपेला वेबचा हात धरा. न्यू ऑर्लीन्सचा कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य) बडी बोल्डन नाहीसा झालाय आणि त्याचा जुना मित्र, पोलिसातला वेब, त्याला शोधतोय. १९७६ च्या या कादंबरीला कथानकाची दोरी म्हणून एवढीच आहे. वेब ज्याच्या दारात जातो तो माणूस बोलू लागतो : बायको नोरा, वेश्यावस्तीतल्या बायकांचे फोटो काढणारा बेलॉक, बँडमधले सोबती. मध्येच बोल्डन स्वतः 'मी' म्हणून सुरू होतो. बोलणाऱ्याचं नाव दर वेळी दिलेलं नसतं. माणूस बदलल्याची खूण म्हणजे दोन तुकड्यांमधली कोरी जागा. ती ओलांडताना क्षणभर थांबून 'आता कोण?' असं विचारलं की निम्मा गोंधळ मिटतो. एका बैठकीत वीस-पंचवीस पानांहून जास्त वाचू नका, नाहीतर आवाज एकमेकांत मिसळतात.

सुरुवातीला डॉल्फिनच्या आवाजांचे तीन ध्वनिआलेख छापलेत. बरेच जण ते उलटून पुढे जातात. त्यांच्याखालच्या टिपेत लिहिलंय की डॉल्फिन एकाच वेळी दोन तऱ्हांचे आवाज कसे काढतो ते कुणाला ठाऊक नाही. हे ध्यानात ठेवलंत, तर पुढे बोल्डन प्रार्थनागीत आणि ब्लूज एकाच फुंकेत मिसळतो ते पान वेगळं ऐकू येतं. आणि शीर्षकातलं 'स्लॉटर' हे लुइझियानातल्या एका गावाचं नाव आहे. बोल्डनला मनोरुग्णालयात नेतात तेव्हा गाडी त्या गावातून जाते. 'कत्तल' हा अर्थ सावलीसारखा सोबत राहतो, पण कादंबरीत कत्तल शोधत बसलात तर चुकाल.

प्रश्न : मग क्रम कोणता ठेवावा?

उत्तर : 'इन द स्किन ऑफ अ लायन' (१९८७) आधी आणि 'द इंग्लिश पेशंट' (१९९२) नंतर. हाना आणि चोर काराव्हाज्जो ही दोघं पहिल्या कादंबरीतून दुसरीत येतात. तुम्ही उलट वाचलं असलं तरी पहिली आता जरूर वाचा. १९९६ च्या चित्रपटावरून आलेल्यांसाठी एक सूचना : पडद्यावर आल्माशी (म्हणजे तो भाजलेला 'इंग्लिश पेशंट') आणि कॅथरीनचं प्रेम पुढे आहे, पुस्तकात बॉम्ब निकामी करणारा शीख सैनिक (सॅपर) किप त्यांच्या बरोबरीने उभा आहे. हिरोशिमाची बातमी ऐकून तो ज्या तऱ्हेने उसळतो तो कादंबरीचा कळस आहे, आणि चित्रपटात तो नाही. त्यानंतर आठवणींचं 'रनिंग इन द फॅमिली' (१९८२) घ्या. ओंडाचींचा जन्म १९४३ चा, कोलंबोचा. १९६२ मध्ये ते कॅनडात आले. ते घराणं, त्या दारूच्या आणि भांडणांच्या गोष्टी यांमुळे तुकड्यांनी सांगण्याची त्यांची रीत अंगवळणी पडते. 'स्लॉटर' आणि 'बिली द किड' त्यानंतर.

प्रश्न : या कादंबऱ्यांत खरी माणसं असतात. त्यांतला इतिहास कितपत खरा मानायचा?

उत्तर : संदर्भग्रंथ म्हणून मुळीच वापरू नका. खरा बोल्डन १९०७ मध्ये रुग्णालयात दाखल झाला आणि १९३१ मध्ये तिथेच वारला. एवढं नोंदीत आहे. कादंबरीत तो न्हावी आहे आणि 'द क्रिकेट' नावाचं गावगप्पांचं पत्रक चालवतो. ही तेव्हाची प्रचलित दंतकथा होती. १९७८ मध्ये बोल्डनचे चरित्रकार डोनल्ड मार्क्विस यांनी कागदपत्रं तपासून ती खोडून काढली. खरा आल्माशीही कादंबरीतल्यासारखा भाजून इटलीत मेला नाही. १९५१ मध्ये साल्झबर्गला आमांशाने गेला.

मात्र ओंडाची इतिहास वाकवतात ते मनाला येईल तसं नव्हे. नोंद जिथे संपते तिथे त्यांची कल्पना सुरू होते, आणि नोंद किती आहे त्यावर पुस्तकाचा घाट ठरतो, असं आमचं मत आहे. बोल्डनचं एकही ध्वनिमुद्रण हाती नाही, फोटो एकच. म्हणून ते पुस्तक फुटक्या काचेसारखं. 'लायन'मध्ये उलटा प्रकार. टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवरचा मोठा पूल १९१८ मध्ये खुला झाला, त्याची कागदपत्रं भरपूर. कादंबरीतला पॅट्रिक वाचनालयात बसून ती चाळतो : माती, लाकूड, काँक्रीटचं वजन, सगळं लिहिलेलं, पूल बांधणाऱ्या माणसांबद्दल अक्षर नाही. ही कादंबरी त्या गाळलेल्या ओळी लिहिते. कातडी रंगवणाऱ्यांचं पान पाहा. दगडात खोदलेल्या गोल हौदांत कामगार ओली कातडी मिठीत धरून कमरेपर्यंत उतरतात. बाहेर येतात ते लाल, पिवळे, हिरवे होऊन, जणू त्या जनावराच्या कातड्यात शिरलेले. शीर्षक गिल्गमेशच्या प्राचीन मेसोपोटेमियन महाकाव्यातून घेतलंय, पण त्याचा अर्थ इथे, या वासात आणि रंगात उमगतो.

प्रश्न : 'द कलेक्टेड वर्क्स ऑफ बिली द किड' ही कविता की कादंबरी? माझ्या प्रतीत पहिला फोटोच छापलेला नाही.

उत्तर : प्रत सदोष नाही. ती रिकामी चौकट मुद्दाम ठेवली आहे : खाली 'हे बिलीचं चित्र' अशा अर्थाचा मजकूर आणि वर काहीच नाही. बिली म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतला कुप्रसिद्ध बंदूकबाज गुन्हेगार; त्याच्यावरच्या १९७० च्या या पुस्तकात कविता, गद्य, जुने फोटो, तुरुंगातली बनावट मुलाखत असं सगळं आहे. कविता म्हणून सुरू करा, कथानक आपोआप जमत जातं. उपशीर्षकात 'डावखुऱ्या कविता' असं म्हटलंय. बिलीचा प्रसिद्ध फोटो पत्र्यावरचा, म्हणजे आरशासारखा उलटा उमटलेला. पिस्तूल डाव्या बाजूला दिसलं आणि लोकांनी त्याला डावखुरा ठरवलं. पुरावाच खोटं बोलतो, ही गोष्ट उपशीर्षकातच आली. शेवटच्या चौकटीत काउबॉयच्या पोशाखातला छोटा मुलगा दिसतो; तो लहानपणीचा लेखक आहे.

हे पुस्तक छापीलच घ्या. ई-बुकमध्ये अक्षरांचा आकार बदलला की ओळी आणि कोऱ्या जागा सरकतात, आणि इथे त्या जागाच अर्थ सांभाळतात.

प्रश्न : 'दिविसादेरो' (२००७) मधली कॅलिफोर्नियातली गोष्ट अर्ध्यावर सुटते आणि एका फ्रेंच लेखकाचं आयुष्य सुरू होतं. पहिल्या गोष्टीचं पुढे काय?

उत्तर : उघडपणे ती पुन्हा येत नाही. त्याची वाट पाहत वाचलंत तर दुसरा भाग रटाळ वाटेल. बहुतेकांची नाराजी तिथूनच येते. कॅलिफोर्नियाच्या गोष्टीतली अ‍ॅना त्या लेखकाच्या, सेगुराच्या, घरात राहून त्याचा शोध घेतेय हे विसरू नका. तिच्या घरातली हिंसा त्याच्या आयुष्यात वेष पालटून येते. उदाहरणार्थ काच : अ‍ॅना बापावर काचेच्या तुकड्याने वार करते, सेगुराचा डोळा काचेनेच जातो. अशा जोड्या पेन्सिलीने समासात टिपत चला. पहिला भाग दुसऱ्यांदा वाचला की दोन्ही भाग सांधले जातात. चित्रपट-संकलक वॉल्टर मर्च यांच्याशी झालेल्या गप्पांचं 'द कॉन्व्हर्सेशन्स' (२००२) सोबत वाचलंत तर दृश्यं अशी जोडण्याची ही कला आणखी कळेल.

प्रश्न : 'अनिल्स घोस्ट'मधली अनिल ही बाई कशी?

उत्तर : छपाईची चूक नाही. तिने ते नाव भावाकडून सौदा करून मिळवलंय, आणि तो सौदा कादंबरीतच, पुढे वाचाल तेव्हा सापडेल.