स्टॉक फोटो वापरायच्या आधी एवढं बघ

भाऊ, गूगलवरून उचललेला फोटो फ्लेक्सवर टाकायचं आधी बंद कर. लातूरच्या क्लासवाल्यांच्या बॅनरवर तीच ती गोरी पोरं पुस्तकं धरून हसत असतात, त्यातले विकत घेतलेले किती असतात देव जाणे. आता तू विचारलंस की विकत घेतलेला फोटो कसाही वापरता येतो का, तर शटरस्टॉक नाहीतर अडोबी स्टॉक असल्या तयार (स्टॉक) फोटो विकणाऱ्या साइटला पैसे भरले म्हणजे फोटो आपला झाला असं नसतंय, वापरायची परवानगी तेवढी मिळते. स्टँडर्ड म्हणजे साध्या लायसन्सवर छापायची मर्यादा दोन्हीकडं 5,00,000 प्रती, आपल्या पत्रकांना ती लै झाली, पण तोच फोटो टी-शर्टवर छापून विकायचा म्हणलं की वरचं महाग लायसन्स लागतं. 'एडिटोरियल यूज ओन्ली' म्हणजे फक्त बातम्या-लेखांसाठी, असं दिसलं की जाहिरातीसाठी विसरूनच जा. लोगोत स्टॉकचं चित्र घालूच नको, गिऱ्हाईक उद्या ट्रेडमार्क करायला गेलं की अडकतंय. आणि एकासाठी घेतलेला फोटो दुसऱ्या गिऱ्हाईकाला चिकटवायचा नाही, परत घ्यायचा.

बिलात फोटोची ओळ वेगळी टाक, खाली आयडी नंबर लिही. 'फोटोचे कशाचे पैसे?' असं म्हणतातच, मग सरळ सांग, दुकानात येऊन मीच काढतो. पैठणीच्या दुकानाला स्टॉकमधली कांजीवरम नेसलेली बाई लावण्यापेक्षा मोबाईलवर काढलेला खरा मोराचा पदर केव्हाही बरा राव.