घरचा कोड-सर्व्हर, बाहेरून

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून कोड-सर्व्हर चालवतो. कॉलेजमधून वापरता यावा म्हणून राउटरवर 8080 पोर्ट फॉरवर्ड केलाय. पासवर्ड सोळा अक्षरी आहे. तरी मित्र म्हणतो, हे धोक्याचं आहे. खरं का? (सांगली)

उत्तर : मित्राचं ऐका आणि पुढचं वाचण्याआधी तो पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना राउटरमधून आत सोडणारं दार, बंद करून या. कोड-सर्व्हर म्हणजे ब्राउझरमधला व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), पण त्यात टर्मिनलही असतं. आत शिरलेला माणूस तुमच्या नावाने कमांड चालवणार, गिटहबचे टोकन (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) वाचणार. तुमचा यूजर डॉकरच्या (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) ग्रुपमध्ये असेल तर रूट, म्हणजे यंत्राचा सर्वेसर्वा, व्हायला त्याला वेगळा पासवर्डही लागणार नाही. शिवाय साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवर तुमची सोळाही अक्षरं कॉलेजच्या वायफायवरून पोस्टकार्डासारखी उघडी जातात.

‘माझ्या घरचा पत्ता कोण शोधणार?’ असं वाटतं खरं. पण शोधणारी माणसं नसतात, स्क्रिप्ट असतात. त्या एकेक आयपी पत्ता ओळीने चाचपत जातात. मीही एकदा आळसापायी एसएसएचचा (दुरून टर्मिनल वापरण्याची सोय) 22 पोर्ट रात्रभर उघडा ठेवला होता. सकाळी लॉगमध्ये रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, उबुंटू अशा नावांनी कडी वाजवून गेलेल्यांची ही भलीमोठी रांग! 22 चा 2222 केला की रांग आखूड होते, इतकंच.

कोड-सर्व्हर मुळात 127.0.0.1 वरच चालतो, म्हणजे त्याच यंत्रापुरता. ते 0.0.0.0, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं, तुम्हीच केलं असणार, पूर्ववत करा. मग सर्व्हरवर आणि सोबतच्या लॅपटॉपवर टेलस्केल टाका. हे वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या तंत्रावर उभं असलेलं तुमच्या यंत्रांपुरतं खाजगी जाळं. जोडणी आतून बाहेर जाते, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. त्यातली ‘सर्व्ह’ सोय वापरलीत तर एचटीटीपीएसही मिळतं. ते नसलं की क्लिपबोर्ड आणि प्रीव्ह्यू रुसून बसतात. फक्त एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्रासोबत यंत्राचं नाव सार्वजनिक नोंदीत जातं, तेव्हा यंत्राला स्वतःचं नाव-आडनाव देऊ नका.

प्रश्न : पोर्ट फॉरवर्ड करूनही बाहेरून काहीच उघडत नाही. राउटरवर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता 100.72 ने सुरू होतो. (नाशिक)

उत्तर : 100.64 ते 100.127 मधला पत्ता दिसला की समजायचं, इंटरनेट कंपनीने तुम्हाला सीजीनॅटमागे ठेवलंय. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. कायमच्या, म्हणजे स्टॅटिक, आयपीसाठी पैसे मोजू नका. वरचा उपाय इथेही चालतो. थेट जोडणी जमली नाही तर टेलस्केल मधल्या रिलेवरून जातं. टाइप करताना किंचित अडखळल्यासारखं वाटेल, पण मजकूर कूटबद्धच राहतो. टेलस्केलचे पत्तेही 100 नेच सुरू होतात, तेव्हा गोंधळू नका.

प्रश्न : फ्लॅटमध्ये आम्ही चौघं, वायफाय एकच. यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये 8080 बंद केलाय, तरी रूममेटच्या फोनवर माझा एडिटर उघडतो! (पुणे)

उत्तर : कोड-सर्व्हर डॉकरमध्ये चालवताय ना? डॉकर आपले आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या मूळ फायरवॉलचे) नियम स्वतः लिहितो आणि त्याने बाहेर खुल्या केलेल्या पोर्टची वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. यूएफडब्ल्यू बिचारा ‘डिनाय’ दाखवत बसतो. डॉकरच्या मांडणीच्या, म्हणजे कंपोज, फाइलमध्ये 8080:8080 ऐवजी 127.0.0.1:8080:8080 लिहा, कंटेनर पुन्हा उभा करा आणि त्याच रूममेटच्या फोनवर तपासा. फायरवॉल स्वतःबद्दल काय सांगते यापेक्षा बाहेरच्या फोनवर काय दिसतं ते खरं.

प्रश्न : ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीच इन्स्टॉल करता येत नाही. फक्त ब्राउझरवर भागेल का? (ठाणे)

उत्तर : भागेल. स्वतःचं डोमेन घेऊन क्लाउडफ्लेअर या कंपनीचं टनेल, म्हणजे घरापासून तिच्या सर्व्हरपर्यंतचा बोगदा, लावता येतं. पण आधी अ‍ॅक्सेसचा, म्हणजे कोणाला आत सोडायचं याचा, नियम लावा, तुमच्याच ईमेलवर कोड येईल असा, आणि मगच टनेल सुरू करा. उलट क्रमाने केलंत तर मधल्या वेळात अख्ख्या जगाला पान खुलं. या वाटेत कूटबद्धता क्लाउडफ्लेअरकडे उघडते आणि तिथून पुढे घरी येते; ते चालणार असेल तरच ही वाट धरा. ऑफिसच्या यंत्रावर घरचं काम चालतं का, हेही आयटीवाल्यांना विचारा. मी असतो तर स्वतःचा टॅबलेट पिशवीत टाकला असता.

प्रश्न : गावी असताना घरची लाइट गेली की सर्व्हर गेला. काय करू? (लातूर)

उत्तर : जुना लॅपटॉप असेल तर बॅटरी हाच तुमचा यूपीएस. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते, ती चालू करा. आणि टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर सर्व्हरची की-एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) बंद करून ठेवा. मुदत मुळात 180 दिवसांची असते. नेमकी गावी असताना संपली तर पुन्हा लॉगिन करायला घर गाठायची वेळ येऊ शकते.